निळा खडा ओळखायचा कसा?

पुण्याहून अहिल्यानगरकडे जाणाऱ्या रस्त्यावर वाघोली लागते. आज तिथे इमारतींची दाटी झाली असली, तरी जगभरच्या खनिजसंग्राहकांना हे गाव माहीत आहे ते तिथल्या दगडखाणींमुळे. सुरुंग लावून फोडलेल्या काळ्या पाषाणात मधूनच एखादी पोकळी निघते. पोकळीच्या आतल्या बाजूला पांढऱ्या, फिकट गुलाबी स्फटिकांचे अस्तर असते. आणि नशीब चांगले असेल तर त्या अस्तरावर गडद निळे गोळे बसलेले दिसतात, काही दोन-तीन मिलिमीटरचे, काही सेंटिमीटरभराचे. दहापट मोठे दाखवणारे भिंग लावले की प्रत्येक गोळा हा एकाच केंद्रातून चहूबाजूंना फुटलेल्या बारीक, टोकदार स्फटिकांचा झुबका आहे हे कळते. रंग इतका पक्का की तो वरून कुणी लावला असावा अशी शंका यावी.

हे कॅव्हनसाइट. कॅल्शियम, व्हॅनेडियम, सिलिकॉन आणि पाणी यांचे हे खनिज जगात फार थोड्या ठिकाणी सापडते आणि त्याचे सर्वात सुंदर नमुने वाघोलीने दिले आहेत. पण खाणीत, डोंगरात किंवा विहिरीच्या खोदकामात हाती आलेल्या खड्यावर नाव लिहिलेले नसते. हातात फक्त एक निळा दगड असतो, आणि निळ्या दगडांची यादी मोठी आहे: अझुराइट, लाजवर्द, सोडालाइट, कायनाइट, क्रायसोकोला, सेलेस्टाइन, निळा फ्लुओराइट, नीलम. शिवाय रंगवलेले दगड आणि काच. यातून नेमके नाव गाठायचे कसे?

पहिला नियम असा की रंगावर विसंबायचे नाही. निळा रंग निसर्गात अनेक वाटांनी येतो. अझुराइटमध्ये तो तांब्यामुळे येतो. लाजवर्दाला निळे करतो गंधक; त्यातले तीन-तीन अणूंचे गंधकाचे गट पिवळा-नारिंगी प्रकाश शोषून घेतात. नीलम आणि कायनाइट यांत लोह आणि टायटॅनियम शेजारी शेजारी असतात, त्यांच्यातल्या इलेक्ट्रॉनच्या देवाणघेवाणीतून निळा रंग उमटतो. कॅव्हनसाइटमध्ये हे काम व्हॅनेडियम करते. चार वेगळी कारणे आणि डोळ्याला दिसणारा परिणाम जवळजवळ एकच. उलट बाजूने पाहिले तर एकाच खनिजाचे रंग बदलतात: कोरंडम लाल असले की माणिक, निळे असले की नीलम. व्हिव्हियानाइट नावाचे लोहाचे फॉस्फेट तर जमिनीतून ताजे निघते तेव्हा रंगहीन असते आणि हवा-उजेड लागल्यावर निळे पडत जाते. म्हणजे खोदणाऱ्याने पाहिलेला रंग आणि संग्राहकाने पाहिलेला रंग हाही एक असेल याची खात्री नाही.

रंगापेक्षा कितीतरी भरवशाची साक्ष देतो तो खडा ज्या खडकात होता तो खडक. इथेच नवखे लोक मोठी चूक करतात. सुंदर भाग तोडून घेतात, उरलेला दगड फेकून देतात, आणि मग महिन्याभराने विचारतात, हे काय आहे? तोवर निम्मा पुरावा गेलेला असतो.

महाराष्ट्रापुरते बोलायचे तर हा पुरावा फारच बोलका आहे. राज्याचा बहुतेक भाग दख्खनच्या काळ्या पाषाणाने, म्हणजे बेसाल्टने व्यापलेला आहे. सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी लाव्हाचे थर एकावर एक साचत गेले. लाव्हा निवताना त्यातल्या वायूंचे बुडबुडे आत अडकले आणि खडकात पोकळ्या राहिल्या. पुढे गरम पाणी त्यातून झिरपत राहिले, बेसाल्टमधले क्षार विरघळवून घेत गेले आणि पोकळ्यांत स्टिल्बाइट, ह्यूलँडाइट, अपोफिलाइट, कॅल्साइट, गारगोटी यांचे स्फटिक वाढले. त्यामुळे पुणे, नाशिक, जळगाव या भागातल्या खाणीतून पांढऱ्या स्टिल्बाइटवर बसलेला निळा गोळा आला, तर कॅव्हनसाइटचा विचार सर्वात आधी करावा लागतो. तोच निळा रंग भंडारा जिल्ह्यातल्या दगडात दिसला तर कॅव्हनसाइट विसरून जावे. तिथले खडक बेसाल्टहून कितीतरी जुने, उष्णता आणि दाबाखाली रूप पालटलेले आहेत, आणि त्या भागात कायनाइटचे मोठे साठे आहेत. मध्य प्रदेशातल्या मलांजखंडसारख्या तांब्याच्या खाणीजवळचा निळा थर असेल तर अझुराइट किंवा क्रायसोकोला, कारण ही दोन्ही खनिजे तांब्याच्या साठ्याच्या वरच्या, हवा-पाणी लागलेल्या भागात तयार होतात. लाजवर्दाला संगमरवरासारखा बदललेला चुनखडक लागतो. अफगाणिस्तानात बदख्शानच्या सर-ए-संग खाणींत तो हजारो वर्षांपासून तशाच खडकातून काढला जातो. वाघोलीच्या बेसाल्टमध्ये लाजवर्द सापडल्याचे कुणी सांगितले तर आधी दगड कुठून आणला हे विचारावे.

खडकाची साक्ष नोंदवली की मग हातातल्या चाचण्या. त्या साध्या आहेत, पण एक पथ्य पाळायचे: चांगल्या स्फटिकावर एकही चाचणी करायची नाही. तुटलेला, मागच्या बाजूचा कण त्यासाठी वापरायचा.

सुरुवात कस लावण्यापासून. बाथरूमच्या टाइलची मागची, चकाकी नसलेली खरखरीत बाजू घ्यायची आणि तिच्यावर खडा घासायचा. उमटलेल्या भुकटीचा रंग खनिजाच्या वरवरच्या रंगापेक्षा खरा असतो. अझुराइटची रेघ स्पष्ट फिकट निळी येते, सोडालाइटची पांढरी, कॅव्हनसाइटची निळसर पांढरी. नीलम टाइलपेक्षा कठीण असल्याने तो टाइललाच ओरखडा काढतो.

कठीणपणासाठी जर्मन खनिजशास्त्रज्ञ फ्रिडरिश मोस यांनी 1812 मध्ये मांडलेली दहा पायऱ्यांची मोजपट्टी आजही वापरात आहे. नख साधारण अडीच, पोलादी चाकू आणि काच साडेपाचच्या आसपास, गारगोटी सात, नीलम नऊ, हिरा दहा. कॅव्हनसाइट तीन ते चार, म्हणजे नखाने ओरखडत नाही पण चाकूने सहज ओरखडते. या मोजपट्टीवर सर्वात मजेदार वागणूक कायनाइटची. त्याच्या लांब, पट्टीसारख्या स्फटिकावर लांबीच्या दिशेने चाकू ओढला तर ओरखडा पडतो, कारण त्या दिशेने कठीणपणा साडेचार-पाच इतकाच असतो. तोच चाकू, तोच स्फटिक, पण आडवा ओढला तर काही होत नाही. त्या दिशेने कठीणपणा साडेसहा-सातपर्यंत जातो. निळी पट्टी आणि दोन दिशांना दोन कठीणपणा, एवढे जुळले की कायनाइटबद्दल शंका उरत नाही. प्रयोगशाळेत न जाता इतकी ठाम ओळख देणारी खनिजे फार नाहीत.

त्यानंतर वजन. नुसते हातात जोखून नव्हे, मोजून. दागिन्यांसाठी मिळणारा लहान डिजिटल काटा पुरतो. आधी कोरडा खडा तोलायचा. मग काट्यावर पाण्याचा पेला ठेवून आकडा शून्यावर आणायचा आणि दोऱ्याला बांधलेला खडा पाण्यात असा धरायचा की तो पूर्ण बुडेल पण तळाला किंवा कडेला टेकणार नाही. काट्यावर जितके ग्रॅम दिसतील तितके घन सेंटिमीटर खड्याचे आकारमान. 36 ग्रॅमचा खडा बुडवल्यावर काटा 10 दाखवत असेल तर घनता 3.6, कायनाइटच्या जवळ. 27 ग्रॅमच्या खड्याला 10 आले तर 2.7, मग लाजवर्दाचा विचार करावा. नीलम 4 च्या आसपास, अझुराइट 3.8, कॅव्हनसाइट 2.2 ते 2.3. अर्थात खडकाला चिकटलेल्या बारीक गोळ्यांसाठी ही युक्ती निरुपयोगी आहे, कारण काटा गोळ्यासकट खडकही तोलतो.

आम्लाची चाचणी डोळ्यांवर चष्मा आणि हातात मोजे घालून, एका थेंबाने करायची. सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात अझुराइट फसफसते, कारण ते कार्बोनेट आहे. लाजवर्दाच्या भुकटीला सडक्या अंड्याचा वास येतो, आतला गंधक मोकळा होतो म्हणून. पण आधी साधे पाणी वापरून पाहावे, असे सांगण्याला आपल्याकडे खास कारण आहे. द्राक्षाच्या आणि डाळिंबाच्या बागा असलेल्या भागात बोर्डो मिश्रणासाठी मोरचूद घरोघरी असते. त्याचे निळेजर्द खडे शेताच्या बांधावर, गोदामाच्या कोपऱ्यात पडलेले सापडतात. ते मऊ असतात आणि पाण्यात विरघळतात. पाणी निळे झाले की प्रश्न मिटला. मोरचूद विषारी आहे, त्यामुळे कुठलाही निळा खडा जिभेला लावून पाहण्याचा मोह टाळायलाच हवा.

माणसाने केलेला निळा आणखी दोन रूपांत भेटतो. एक काच: भट्टीतून निघालेल्या मळीचे निळे तुकडे दिसतात मोठे आकर्षक, पण भिंगाखाली आत गोल बुडबुडे दिसतात आणि फुटलेला भाग शिंपल्याच्या पाठीसारखा वळणदार असतो. दुसरे, रंगवलेले दगड. पांढरा हॉवलाइट, मॅग्नेसाइट किंवा सच्छिद्र अकीक निळ्या रंगात बुडवून विकला जातो. ॲसिटोन लावलेला कापूस मागच्या बाजूला घासला तर तो पुष्कळदा निळा होतो, आणि रंग भेगांमध्ये जास्त साचलेला दिसतो.

घरच्या चाचण्या मात्र एका मर्यादेपर्यंतच नेतात. क्रायसोकोलाची घनता कॅव्हनसाइटच्या जवळपास जाते आणि कठीणपणाही फारसा दूर नाही. तिथे स्फटिक आहेत की नाहीत हे पाहावे लागते. क्रायसोकोला थर, पुटे, गाठी अशा रूपात येते, कॅव्हनसाइटसारखे टोकदार स्फटिक करत नाही. आणि जे खनिज यादीतच नसेल त्याचे काय करायचे? कॅव्हनसाइटच्या बाबतीत नेमके हेच घडले होते.

1960 च्या दशकात अमेरिकेच्या ओरेगन राज्यात ओवायही धरणाच्या परिसरात आणि तिथून दूर, कोलंबिया नदीकाठच्या गोबल गावाजवळ, हौशी संग्राहकांना ज्वालामुखीच्या खडकात निळे बारीक झुबके मिळाले. सोबतीला स्टिल्बाइट, ह्यूलँडाइट, अपोफिलाइट, कॅल्साइट, म्हणजे वाघोलीत दिसतात तेच सोबती. निळे खनिज मात्र कुठल्याही ज्ञात वर्णनाशी जुळेना. ओरेगन विद्यापीठातले लॉइड स्टेपल्स आणि अमेरिकी भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे हॉवर्ड इव्हान्स व जेम्स लिंडसे यांनी त्याचा अभ्यास केला आणि 1973 मध्ये ते नवे खनिज म्हणून जाहीर केले. आश्चर्य म्हणजे नवी खनिजे एक नव्हे, दोन निघाली.

हे दुसरे खनिज म्हणजे पेंटागोनाइट. त्याचे रासायनिक सूत्र कॅव्हनसाइटसारखेच आहे, अगदी शेवटच्या अणूपर्यंत. रंगही निळाच. रसायनशास्त्रज्ञाने दोन्हींची भुकटी करून घटक मोजले असते तर त्याला दोन्ही एकच वाटली असती. फरक आहे तो मांडणीत. सिलिकॉन आणि ऑक्सिजनचे अणू एकमेकांना जोडून कड्या करतात आणि कड्यांचे पापुद्रे होतात. कॅव्हनसाइटच्या पापुद्र्यात चार आणि आठ सिलिकॉनच्या कड्या आहेत, पेंटागोनाइटच्या पापुद्र्यात सहाच्या. एवढ्याने स्फटिकाची वाढ बदलते. पेंटागोनाइटचे स्फटिक लांबट आणि सडसडीत असतात, गोळा करण्याऐवजी विखरून उभे राहतात, आणि पाच स्फटिक एकत्र जुळून आडव्या छेदात पाच टोकांची चांदणी दिसते. वाघोलीतही पेंटागोनाइट सापडले आहे, आणि ते कॅव्हनसाइटपेक्षा कितीतरी दुर्मिळ आहे. त्यामुळे निळा गोळा आणि निळ्या काड्या यांत फरक करता येणे ही वाघोलीच्या नमुन्यांपुढची पहिली परीक्षा.

अणूंची मांडणी पाहण्याचे साधन म्हणजे क्ष-किरण. स्फटिकातल्या अणूंच्या रांगांवरून क्ष-किरण ठराविक कोनांत परावर्तित होतात आणि त्या कोनांचा नमुना प्रत्येक खनिजाचा वेगळा असतो. या तंत्राच्या शोधाचा निळ्या खड्यांशी थेट संबंध आहे. 1912 मध्ये म्युनिकमध्ये माक्स फॉन लाउए यांच्या कल्पनेवरून वाल्टर फ्रिडरिश आणि पॉल क्निपिंग यांनी पहिल्यांदा स्फटिकातून क्ष-किरण सोडून ठिपक्यांचा नमुना टिपला, तेव्हा त्यांनी वापरलेला स्फटिक मोरचुदाचाच होता. लाउए यांना 1914 चे नोबेल मिळाले. आज खनिजाची चिमूटभर भुकटी यंत्रात ठेवली की थोड्या वेळात नमुना मिळतो आणि तो साठवलेल्या हजारो नमुन्यांशी ताडून पाहता येतो. भुकटीही करायची नसेल तर रामन वर्णपटमापक आहे. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी 1928 मध्ये दाखवून दिलेल्या परिणामावर ते चालते: खड्यावर लेसर टाकायचा, विखुरलेल्या प्रकाशातले बदल मोजायचे, नमुन्याला धक्काही लागत नाही. आंतरराष्ट्रीय खनिजशास्त्रीय संघटनेने आजवर मान्य केलेल्या खनिजांची संख्या सहा हजारांच्या पुढे गेली आहे. नवे नाव मिळवायचे तर रासायनिक घटक आणि अणूंची मांडणी असे दोन्ही पुरावे लागतात.

पुण्याच्या खडकातले व्हॅनेडियम कॅव्हनसाइटपुरते मर्यादित नाही. पुण्याच्या परिसरात मिळणाऱ्या हिरव्या अपोफिलाइटचा अभ्यास कॅल्टेकच्या जॉर्ज रॉसमन यांनी 1974 मध्ये प्रसिद्ध केला आणि तो हिरवा रंगही व्हॅनेडियमचाच असल्याचे दाखवले. बेसाल्टमध्ये व्हॅनेडियम असते ते दर दहा लाख भागांत काही शे भाग. गरम पाण्याने हे तुटपुंजे धन गोळा करून दोन वेगळ्या खनिजांत वेगवेगळ्या रंगांनी ठेवले. वाघोलीची खरी ख्याती झाली ती 1980 च्या दशकाच्या अखेरीस, तिथल्या खाणींतून मोठ्या संख्येने उत्तम नमुने बाहेर पडू लागले तेव्हा. ओरेगनमध्ये ज्यासाठी भिंग लागायचे ते इथे खोलीच्या दुसऱ्या टोकावरून दिसत होते. नाशिकजवळ सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात ते आजही पाहता येते.

निळ्या अनोळखी खड्याची सर्वात प्रसिद्ध कहाणी मात्र आफ्रिकेतली आहे आणि तिला गोव्याचा धागा आहे. मॅन्युएल डिसूझा हे मूळचे गोव्याचे, टांझानियात अरुशा इथे शिंपीकाम करणारे, आणि फावल्या वेळात खनिजांच्या शोधात हिंडणारे. 1967 मध्ये मेरेलानीच्या टेकड्यांत मिळालेल्या निळ्या-जांभळ्या पारदर्शक खड्यांसाठी त्यांनी सरकारदरबारी हक्क नोंदवला. खडा कसला याबद्दल त्यांचे अंदाज बदलत गेले, ऑलिव्हिन, मग ड्युमॉर्टिएराइट. शेवटी वेगवेगळ्या देशांतल्या तज्ज्ञांनी तो झोइसाइट असल्याचे सांगितले. झोइसाइट हे 1805 पासून माहीत असलेले, फारसे कौतुक नसलेले खनिज; पण त्याचा असा निळा, पारदर्शक प्रकार कुणी पाहिला नव्हता. न्यूयॉर्कच्या टिफनी कंपनीने 1968 मध्ये तो टांझानाइट या नावाने बाजारात आणला. शोधाचे श्रेय कुणाचे यावर पुढे वाद झाले. 2018 मध्ये टांझानियाच्या राष्ट्राध्यक्षांनी जुमाने एंगोमा यांचा शोधकर्ते म्हणून गौरव केला.

टांझानाइट नीलमासारखे दिसते, पण कठीणपणा सहा-सात आणि घनता 3.35, काटा आणि पेला त्याला नीलमापासून लगेच वेगळे काढतात. शिवाय न तापवलेला स्फटिक हातात फिरवला तर तो एका दिशेने निळा, दुसऱ्या दिशेने जांभळा-लाल, तिसऱ्या दिशेने तपकिरी दिसतो. बाजारात येणारे बहुतेक खडे सुमारे 500 ते 600 अंश सेल्सिअसला तापवलेले असतात, त्याने तपकिरी छटा जाते. आणि या निळ्याचेही कारण व्हॅनेडियमच, फक्त कॅव्हनसाइटमधल्यापेक्षा वेगळ्या विद्युतभाराचे.

वाघोलीसारख्या खाणी चालतात त्या खडीसाठी. क्रशरला स्टिल्बाइट आणि बेसाल्ट यांत फरक कळत नाही, त्यामुळे किती नमुने रस्त्यांच्या पोटात गेले याचा हिशोब नाही. जे वाचले ते खाणकामगारांच्या नजरेमुळे. त्यांनी पोकळी ओळखली, हातोडा आवरला, तुकडा बाजूला ठेवला. मात्र पुढे विकला जाताना बहुतेक नमुन्यांचा पत्ता गळून पडतो आणि उरते ते नुसते 'पुणे' किंवा 'महाराष्ट्र'. कोणती खाण, कोणता थर, सोबत कोणती खनिजे, हे कुणी लिहून ठेवलेले नसते, आणि ही माहिती नंतर कुठलेही यंत्र परत देऊ शकत नाही.

म्हणून विहीर, बोगदा, रस्त्याचा कट किंवा खाण, कुठेही अनोळखी निळा खडा दिसला तर इतके करावे. परवानगीशिवाय खाणीत उतरू नये, न फुटलेल्या सुरुंगांचा धोका खरा असतो. खडा मूळ खडकाच्या तुकड्यासह घ्यावा. जागेवरच फोटो काढावा आणि गाव, गट किंवा खाणीचे नाव, तारीख, खोली आणि सोबतची खनिजे कागदावर लिहून तो कागद खड्याबरोबर ठेवावा. आम्लाने धुऊ नये. मग जवळच्या महाविद्यालयाच्या भूशास्त्र विभागात किंवा भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या कार्यालयात तो दाखवावा, आणि दाखवताना आधी कागद पुढे करावा.